पुढे त्रिशूळ, मागे पिंड

सांगलीहून परभणी जिल्ह्यात निघालेल्या माणसाला वाटेत भेटेल तो ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण ऐकवतो. मला ती सोलापूरच्या पेट्रोलपंपावर ऐकवली गेली, बीडच्या हॉटेलात ऐकवली गेली, आणि माजलगावात पंक्चर काढणाऱ्याने तर चाक हातात धरून ऐकवली. अर्थ विचारला की तिघेही नुसते हसले. लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली, म्हणजे सव्वीस वर्षं मी हे ऐकतो आहे. या खेपेला मात्र मला तो अर्थ सापडला, आणि तोही एका ट्रकखाली, गादीवर उताणा पडलेला असताना. ट्रक, गादी आणि मी एके ठिकाणी कसे आलो ते क्रमाने सांगतो.

मी वाहनांचा सर्व्हेअर आहे. अपघात झालेली गाडी तपासायची, कागदावर लिहिलेली गाडी खरंच हीच का हे ठरवायचं, आणि नुकसान किती ते सांगायचं, हा माझा धंदा. त्यामुळे नात्यात कुठेही गाडी अडली की मला फोन येतो. हा फोन मल्लूचा होता. मल्लू म्हणजे माझ्या बायकोचा, शैलाचा, चुलतभाऊ. चारठाण्याजवळ एका खेड्यात त्याची शेती आहे.

“दाजी, तुमी या आन एकदाचं सांगा,” तो म्हणाला. “खळ्यातला ट्रक फौजेचा हाय का न्हाई. आप्पा म्हनतेत फौजेचा. गाव म्हनतंय साखर कारखान्याचा, हिरवा रंग मारलेला. फौजेचा निघाला तर मी सोता नीट करून घेतो. न्हाई निघाला तर शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाला यायलाय. आप्पांनी बी कबूल केलंय. दाजी म्हनतील तसं.”

आप्पा म्हणजे मल्लूचे वडील, माझे चुलतसासरे. मागून त्यांचा आवाज आला, “जावयाला म्हनावं, सावकाश बगा. घाई न्हाई.” शिवरात्र नऊ दिवसांवर होती.

देवगाव फाटा

पाथरी, सेलू करत शैला आणि मी दुपारी देवगाव फाट्यावर पोचलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळी करडई आणि भरलेली ज्वारी. आमच्याकडे नदीकाठच्या उसाने माणसाला लांबचं काही दिसूच देत नाही. इथे नजर जाईल तिथवर काळी जमीन आणि वर गरजेपेक्षा जास्त आभाळ. मल्लू मोटारसायकल घेऊन सामोरा आला होता. जावई आणि मुलगी घरी येणार असली तरी रस्ता दाखवायला माणूस लागतोच, मग त्या मुलीचा जन्म त्याच गावात झालेला असो.

चहाला थांबलो. मल्लूने हॉटेलवाल्याला माझी ओळख करून दिली. “हे आमचे दाजी. ट्रक बगायला आलेत.”

“कोन्ता? आप्पाचा?” हॉटेलवाल्याने चहा गाळता गाळता विचारलं. “त्यो उसाचा?”

“फौजेचा,” मल्लू म्हणाला.

“हाव, फौजेचाच. उसाच्या फौजेचा.”

हॉटेलातली चार माणसं हसली. मल्लू पंचेचाळिशीचा आहे, दोन पोरं कॉलेजात आहेत, पण त्याने चहा बशीत ओतून मान खाली घातली ती शाळकरी पोरासारखी. हा विनोद आजचा नव्हता हे मला तिथेच कळलं.

खळं

ट्रक कडुनिंबाखाली उभा होता. नाक लांब, काचा दोन, त्यातली एक फुटलेली. केबिनमध्ये कोंबड्या. मागचा हौदा लाकडी आणि गावातल्या सुताराने बनवलेला. पुढे लोखंडी बंपर, आणि त्याच्या एका टोकाला पिवळ्या रंगाने काढलेला त्रिशूळ, त्यावर भस्माची तीन बोटं. जसा त्रिशूळ, तसेच बाजूला बसलेले आप्पा. कपाळावर तीन पट्टे, गळ्यात लिंग, डोक्यावर टोपी.

“या जावई,” ते म्हणाले. “आधी जेवा. रिकाम्या पोटानं बगितलेली गाडी भंगारच दिसती.”

ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची ओली चटणी, ताक. सांगलीला जावई आला की एकदा पुरणपोळी घालतात आणि मग सगळे आपापल्या कामाला लागतात. इथे जावई असेपर्यंत जावईच राहतो. चार घास कमी खाल्ले तर चुलतसासूबाई आतून विचारतात, “काय चुकलं आमचं?” मी जास्तच खाल्लं, आणि त्या दिवशी ट्रक बघायचं राहिलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुशीला खाऊन (सांगलीच्या वाचकांनी दचकू नये, भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी दिली की त्याला इकडे सुशीला म्हणतात) मी जुना शर्ट घातला आणि ट्रकखाली सरकायला वाकलो. आप्पा ओरडलेच.

“आरं मल्ल्या! जावई मातीत लोळायलेत! गाव काय थुकंल आपल्यावर!”

मी समजावलं की हेच माझं काम आहे. उपयोग झाला नाही. घरातून गादी आली. गादीवर धुतलेली चादर आली. उशीही आली. आजवर शेकडो गाड्यांखाली गेलो असेन, पण उशीवर डोकं ठेवून पहिल्यांदाच. बाजूला शैला उभी होती. “पांघरूण देऊ का?” तिने विचारलं.

खालून गाडी बघितली की ती खोटं बोलू शकत नाही. पुढच्या एक्सललाही मागच्यासारखाच लोखंडी गोळा होता, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना जात होती. ऊस वाहणाऱ्या ट्रकला हे लागत नाही. चासीला ओढकामाचे जाड हूक होते. इंजिन आणि चासीची ठेवण ओळखीची होती. हा शक्तिमान होता, जबलपूरला फौजेसाठी बनत असे तो. मग मी उशीसकट मागे सरकलो आणि थबकलो. मागच्या एक्सलचा गोळा पांढरा शुभ्र होता. सगळ्या ट्रकला गंज आणि हा चुना मारल्यासारखा.

“मल्लू, इथे पांढरं काय आहे?”

“ती पिंड हाय, दाजी.” तो वाकून म्हणाला. “पुढं त्रिशूळ, मागं पिंड. दर शिवरात्रीला भस्म लावतो. मीच लावतो, आत सरपटत जाऊन. पोरगा होतो तवापासून.”

मी नखाने खरवडलं. भस्माखाली पांढरा ऑइलपेंट होता, जुना, फौजेतला. फौजेच्या गाड्या रात्री दिवे मालवून ओळीने जातात. मागचा गोळा पांढरा रंगवतात आणि त्यावर वरून एक बारका दिवा सोडतात. मागचा ड्रायव्हर तेवढा पांढरा ठिपका बघत गाडी हाकतो. ज्याला दिसू नये त्याला दिसत नाही, ज्याला दिसायला हवं त्याला दिसतं. पिंड म्हणायला तशी हरकतही नव्हती.

“शक्तिमान आहे,” मी खालूनच सांगितलं. “मूळ नकाशा जर्मनीचा.”

मग मल्लूने केवढ्यांदा तरी आरोळी ठोकली, “आप्पा! जर्मनीचा हाय!”

“मंग!” आप्पा म्हणाले. “म्हन काय उगाच पडली का?”

शैला वरून

एक खूण म्हणजे शंका, दोन म्हणजे अंदाज, तीन जुळल्या तर मी सही करतो. तिसरी खूण म्हणजे फौजेचा नंबर. चासीवरची पट्टी कधीच गायब झाली होती. राहिला बंपर. त्रिशूळ सोडून बाकी बंपरवर हिरव्या रंगाचे इतके थर होते की वर्षं मोजता आली असती. आप्पांनी अट घातली, त्रिशूळाला हात लावायचा नाही. आम्ही बाकीचा रंग थिनरने काढायला घेतला. आम्ही म्हणजे मल्लूने. मी खुर्चीवर बसून बोट दाखवत होतो.

आकडे निघाले, पण जमेनात. त्रिशूळाच्या अलीकडे इंग्रजी अठरा, त्याच्या अलीकडे एक अक्षर, ज्याचं पोट भलत्याच बाजूला. मी मान डावीकडे केली, उजवीकडे केली.

शैला तेव्हा केबिनमधली कोंबडी हुसकायला मडगार्डवर चढली होती. तिथून ती बंपरवर वाकली आणि भाजीवाल्याची पाटी वाचावी तसं वाचून मोकळी झाली.

“अहो, अठरा कुठला? एक्याऐंशी आहे. मग डी. मग पाच आकडे. आणि सगळ्यात आधी बाण.”

“कुठला बाण?” आप्पांनी विचारलं.

“हा काय, काका. वर टोक केलेला. इकडून बघा ना.”

तिचं वाक्य संपलं आणि तिलाच कळलं. बंपर उलटा बसवला होता. फौजेच्या प्रत्येक गाडीच्या नंबराआधी वर टोक असलेला बाण असतो, एक दांडी आणि टोकापासून खाली येणाऱ्या दोन तिरक्या रेघा. तो उलटा केला की दोन रेघा वर जातात, मधली दांडी वर जाते. त्रिशूळ.

तिसरी खूण जुळली होती. मी सही करायला मोकळा होतो. पण आप्पा उठले, धोतर झटकलं आणि घराकडे गेले. रात्री ते जेवले नाहीत. चुलतसासूबाईंनी या वेळी “काय चुकलं आमचं” असं विचारलं नाही.

मानवत

कबुलीप्रमाणे मल्लूने ट्रक नीट करायला काढला. मिस्त्री मानवतचे सत्तारभाई. आल्या आल्या त्यांनी ट्रकला एक फेरी मारली आणि जाहीर केलं, “साब, टँक लाओ, टँक चालू करतूं. ये तो ट्रक है.” पुढच्या दोन दिवसांत त्यांनी तीन गोष्टी छातीठोक सांगितल्या. इंजिन जाम असणार, गिअरबॉक्स गेलेला असणार, आणि डिझेलचा पंप एकदम उत्तम असणार. तिन्हींचं उलटं निघालं, गिअरबॉक्सातला एक रिव्हर्स सोडला तर.

इंजिन मोकळं फिरत होतं. कारण दर सोमवारी आप्पा मल्लूला पुढच्या पुलीच्या नटावर मोठा पाना लावून इंजिन अर्धा फेरा फिरवायला लावत. मी विचारलं, अर्धाच का? आप्पा अजून माझ्याशी मोकळं बोलत नव्हते. मल्लूच म्हणाला, “महादेवाला अर्धीच प्रदक्षिणा असती, दाजी.” देखभालीची पुस्तकं मी बरीच वाचली आहेत. इतकी वर्षं न चुकता पाळलेलं वेळापत्रक एकाही कंपनीचं पाहिलेलं नाही.

पंप घेऊन आम्ही तिघे माझ्या गाडीतून मानवतला गेलो. कापसाच्या गाड्या, धान्याची पोती, आणि बसस्थानकाजवळ सत्तारभाईंच्या ओळखीचा पंपवाला. पंप खोलला जात असताना वाद झाला तो बंपरवरून.

“बंपर सीधा लगाना,” सत्तारभाई म्हणाले. “उलटा बंपर घेऊन गाडी चालली तर लोक सत्तारला हसतील. वो मेरे नाम पे जाता, आप्पा के नाम पे नहीं.”

“सुलटाच लावा,” मल्लू म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. “मल्लू, पालखीचं काय?”

हा मुद्दा सांगायचा राहिला. ट्रक चालत होता तोवर शिवरात्रीला गावच्या महादेवाची पालखी त्याच्यावरून निघायची. तो बंद पडल्यापासून पालखी समोरच्या आळीतल्या ट्रॅक्टरवर जाते, आणि आप्पा त्या दिवशी दार लावून बसतात. देवळाच्या पंचांनी यंदा शब्द दिला होता, की ट्रक चालला तर पालखी ट्रकवर, कारण त्याच्यावर त्रिशूळ आहे. बाणाची बातमी गावभर झाल्यावर त्यांनी निरोप पाठवला, त्रिशूळ दिसला पाहिजे, नाहीतर ट्रॅक्टर आहेच.

“ते समदं खरं,” मल्लू म्हणाला. “पन दाजी, मी आठवीत असल्यापासून उसाचा ट्रक ऐकायलोय. माज्या लग्नात वरातीला लोक ऊस घेऊन आलते. आता फौजेचा नंबर निघालाय, तर त्यो उलटा लावून फिरू? मंग काय उपेग? वाचायला फाट्यावरच्या मानसानं शीर्षासन करावं का?”

सत्तारभाई हसले, पण मल्लू हसला नाही. आठवडाभरापूर्वी त्याला ट्रक भंगारात घालायचा होता. आता त्याला तो हवा होता, आणि सुलटा हवा होता. बापाला तो उलटा हवा होता. बंपर एकच, आणि चार बोल्ट.

“तुमीच ठरवा,” तो म्हणाला. “दाजी म्हनतील तसं.”

परतताना सत्तारभाईंना मी आठवण करून दिली, की सगळे गिअर पडतात, मागचा सोडून. रिव्हर्सला दांडी अडते.

“पिच्छे किसको जाना है, साब? पालखी आगे जाती.”

मला ते पटलं. मी हे मुद्दाम नोंदवतो.

चारठाणा

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी आप्पा म्हणाले, “जावई, जरा चारठान्याला सोडता का?” चार दिवसांतलं त्यांचं पहिलं सलग वाक्य.

चारठाण्याला जुनी दगडी देवळं आहेत, काही उभी, काही आडवी झालेली. बघायला येणारे फोटो काढतात. आप्पांनी एका चौथऱ्यावर टोपी काढून ठेवली आणि बसले. मी बाजूला बसलो. दगड तापला होता.

“लिलावाचं सांगतो,” ते म्हणाले. “लय गाड्या हुत्या, रांगंनं. मी ट्रॅक्टरची ट्रॉली बगायला गेल्तो. ह्या गाडीचा बंपर सुटा हुता, म्होरं जमिनीवर टाकल्याला. मी गाडीच्या अंगानं हुबा. मला त्रिशूळ दिसला. म्हनलं, द्येवानं गाठ घातली. घेतली गाडी. घरी आनल्यावर मिस्त्रीला सांगितलं, त्रिशूळ वर आला पायजे, तसा बसव.”

“लिलावाचे साहेब बंपरच्या पलीकडे उभे असतील,” मी म्हणालो. “त्यांना बाण दिसला असेल.”

“आसंल. मी पलीकडं गेलोच न्हाई.” ते थोडं थांबले. “त्या बानाचा अर्थ काय म्हनलात?”

माझा स्वभाव असा आहे की विचारलं तर मी खरं ते सांगतो, विचारलं नाही तरी बरेचदा सांगतो. “सरकारी मालाची खूण आहे, आप्पा. मालक ठरलेला आहे, दुसऱ्या कोणी हात लावू नये, एवढाच अर्थ.”

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्या मिशा हलल्या.

“मालक ठरल्याला हाय, कुनी हात लावू नये. मंग जावई, त्रिशूळाचा दुसरा काय अर्थ आसतो?”

मी हिशोब केला. अडलं की मी तेच करतो. एक्याऐंशी साली गाडी फौजेत गेली. नंबराचे पहिले दोन आकडे तेच सांगतात. लिलाव तेरा वर्षांनी झाला. आप्पांकडे तिला एकतीस वर्षं झाली. जुनी गाडी नीट करणं म्हणजे ती पूर्वी होती तशी करणं. पण पूर्वी म्हणजे कधी? तेरा वर्षं बाण, एकतीस वर्षं त्रिशूळ. दुपटीहून जास्त. माझ्यासमोर कागदावर ही गाडी आली असती तर मी मूळ स्थिती म्हणून काय लिहिलं असतं?

“पुढे त्रिशूळच राहील,” मी म्हणालो. “हौद्याच्या मागच्या फाळक्यावर फौजेचा नंबर, बाणासकट, सुलटा. आणि गाडीचे कागद संपलेत, विमा नाही, शिवाय हा नंबर रस्त्यावर मिरवायला कायद्याने परवानगी नाही. तेव्हा चाक डांबरावर जाणार नाही. खळं ते देऊळ, शेतातल्या वाटेनं.”

“डांबर कुनाला पायजे,” आप्पा म्हणाले आणि टोपी घातली.

मल्लूला सांगितलं तेव्हा तो ट्रकमागे जाऊन फाळका बघून आला. मग म्हणाला, “मागं मोठ्या अक्षरात?”

“मोठ्या.”

“हाव मंग.” आणि थोड्या वेळाने, “तसं बी ट्रकाच्या मागंच लोक टवाळी करतेत.”

शिवरात्र

उपास. सकाळी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, दुपारी रताळी, मध्ये गूळ घातलेली कवठाची चटणी. उपासाला मी एरवीपेक्षा जास्त खातो, हे मी प्रामाणिकपणे मोजलेलं आहे.

शक्तिमानला दोन बॅटऱ्या लागतात. एक मल्लूच्या ट्रॅक्टरची काढली. दुसरी समोरच्या आळीच्या ट्रॅक्टरची आली, आणि बॅटरी काढल्यामुळे तो ट्रॅक्टर आपोआप शर्यतीतून बाद झाला. हे कोणी सुचवलं याची मी चौकशी केली नाही, कारण सुचवताना शैलाला मी पाहिलं होतं.

सत्तारभाईंनी कळ दाबली. ट्रक खोकला, गुरगुरला, पांढरा धूर सोडला आणि सुरू झाला. कडुनिंबावरचे पक्षी उडाले, चुलतसासूबाईंनी ओवाळलं, हौद्यात पालखी चढली. आप्पा केबिनमध्ये, मल्लू चाकावर. पंचांनी बंपरकडे बघून मान डोलावली. मी खुर्ची घेऊन मागून चाललो. म्हणजे खुर्ची कोणीतरी उचलली होती, मी चाललो होतो. फाळक्यावर बाण आणि नंबर झळकत होता. देवगाव फाट्यावरचा हॉटेलवाला दर्शनाला आला होता. त्याने तो वाचला, परत वाचला, आणि मग शेजारच्याला म्हणाला, “मी म्हनलंच होतं, फौजेचा हाय.”

देवळाची प्रदक्षिणा सुरू झाली. ट्रक डौलात निघाला, एक बाजू झाली, मागची बाजू झाली, आणि गोमुखापाशी मल्लूने ब्रेक लावला.

सगळे थांबले. मीही थांबलो, आणि मग मला सोमवारचा अर्धा फेरा आठवला. महादेवाला अर्धीच प्रदक्षिणा असते. पिंडीवरचं पाणी जिथून बाहेर पडतं ती धार ओलांडायची नसते. तिथवर जायचं आणि आल्या वाटेने परत फिरायचं. वळायला जागा नव्हती. एकीकडे ओटा, दुसरीकडे विहीर. तेहतीस कोटींमध्ये ज्या एका देवाच्या पालखीला रिव्हर्स गिअर लागतो, त्याची पालखी आम्ही रिव्हर्स नसलेल्या ट्रकवर ठेवली होती.

“सत्तारभाई!” मल्लू ओरडला.

सत्तारभाईंनी कपाळाला हात लावला. “या अल्ला. ये तो मेरे को कोई बोलाच नहीं.”

“पूर्वी कसं करायचे?” मी आप्पांना विचारलं.

“पूर्वी पडायचा की गिअर!”

कोणी म्हणालं, जाऊ द्या पुढं, एकदा ओलांडलं तर काय होतंय. आप्पांनी केबिनमधून नुसतं बघितलं. तो माणूस गर्दीत मागे सरकला. कोणी म्हणालं, ट्रॅक्टरला साखळी लावून मागे ओढू. ट्रॅक्टरची बॅटरी ट्रकमध्ये होती. राहिला एकच उपाय. मल्लू स्टिअरिंग आप्पांकडे देऊन उतरला, तो आणि दहा-बारा जण पुढे गेले, बंपरला खांदे लावले आणि जोर केला. ट्रक तसूभर हलला आणि परत पुढे आला.

“आजून जोर!”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की बंपरला माणसं खेटून उभी आहेत, पण त्रिशूळ आहे तेवढी दीड हात जागा मोकळी आहे. तिथे खांदा लावायला कोणी तयार नव्हतं. देवाच्या खुणेवर भार टाकायचा कसा? पंच नाही, मल्लू नाही, सत्तारभाईही नाहीत.

आप्पांनी मला बघितलं. मी गावातला एकटा माणूस, ज्याने लेखी नसलं तरी तोंडी सांगितलं होतं की तो बाण आहे.

“जावई,” ते केबिनमधून म्हणाले, “बसा तुमी.”

मी खुर्चीकडे बघितलं आणि पुढे गेलो. कुठेतरी “दाजी, कपडे!” असं ऐकू आलं. त्या मोकळ्या जागेसमोर उभा राहिलो. ताजं भस्म, पिवळा रंग. बाण आहे, मी मनात म्हटलं. एक्याऐंशी सालचा. सरकारी. आणि हात पुढे केला.

तो तिथे टेकला नाही. मी वीतभर बाजूला सरकलो, मल्लूच्या बगलेत घुसलो आणि तिथे खांदा लावला. सरकारी मालाला हात लावू नये, हे एक कारण झालं. दुसरं मी शोधलेलं नाही.

“हर हर!” आप्पा ओरडले.

शैलाही लागली होती, सत्तारभाईही, हॉटेलवालाही. ट्रक हलला, मागे निघाला, आणि नंतर थांबलाच नाही. विहिरीच्या कडेने, ओट्याच्या कोपऱ्याने, आल्या वाटेने आम्ही महादेवाला उलटा ढकलत देवळाच्या दारात आणला. माझ्या शर्टावर ग्रीस होतं, भस्म होतं आणि मल्लूचा घाम होता. चुलतसासूबाईंनी आहेराचा नवा टॉवेल दिला. मी त्याला हात पुसले. सव्वीस वर्षांत त्या घरातल्या टॉवेलचा पहिल्यांदा उपयोग झाला.

दुसऱ्या दिवशी

आम्ही निघायच्या तयारीत होतो तेव्हा भंगारवाला टेम्पो घेऊन हजर झाला. त्याला नको म्हणून सांगायचं सगळेच विसरले होते. तो पुढून आला, त्रिशूळ बघितला, चपला काढल्या, हात जोडले. मग चपला घालून मागे गेला आणि वजनाचा अंदाज घ्यायला फाळक्यावर थाप मारली.

“ए!” मल्लू ओसरीवरून उठला. “हात काड. वाचता येत न्हाई का? सरकारी माल हाय.”

भंगारवाल्याने बाण बघितला, मल्लूकडे बघितलं, आणि परत चपला काढल्या.